माझ्या अंगणात उतरणारा रस्ता

आमच्या घरापर्यंत गॅसची गाडी येत नाही. ती वरच्या डांबरी रस्त्याला थांबते. तिथून भरलेला सिलेंडर आडवा पाडायचा आणि पायाने थोपवत गडगडत खाली आणायचा, ही मुठ्याजवळच्या आमच्या वाडीची रीत. धोक्याची आहे, मला कळतं. पण वाहून आणायला इथे कुणाचे खांदे रिकामे बसलेत?

जुनी वाट वळणं घेत उतरायची. सिलेंडर रमतगमत यायचा आणि बाया गप्पा मारत त्याच्यासोबत चालायच्या. मग वरच्या बंगल्यांची सरळ काँक्रीटची वाट बघून आमच्या लोकांनाही हौस आली. चुलत सासऱ्यांनी जेसीबी आणला आणि वळणं कापून सरळ उभा उतार काढायला घेतला. तो संपत होता थेट माझ्या अंगणात, जिथे माझी लेक दिवसभर खेळते.

मी म्हटलं, "उतार जितका उभा, तितका सुटलेल्या सिलेंडरचा वेग झपाट्याने वाढणार. जुन्या वाटेवर दोन ढांगांत गाठता यायचा. इथे धावूनही सापडायचा नाही."

"सूनबाई, उंची तीच हाय न्हवं? मग येग कुठनं वाढंल?" ते म्हणाले. "आमी जलमभर हितनंच उतरतोय. तू काल आलीस."

लई राग आला मला. हौस त्यांची आणि पायथ्याला पोर माझी.

लेकीला जावेकडे दिलं. घरातलं छोटं निळं पिंप वर नेलं, नळावर भरलं, झाकण आवळलं आणि नव्या उताराच्या तोंडाशी आडवं धरून बसले. वाडी जमली.

"मामंजी, उंटावरून शेळ्या हाकू नका," मी म्हटलं. "खाली माझ्या अंगणात जाऊन उभे राहा. मी पिंप सोडते. उंची तीच आहे, तुम्ही आरामात बाजूला व्हाल."

त्यांनी पिंपाकडे पाहिलं, मग खाली अंगणाकडे.

"सोड की. मी हितनं बघतोय."

"इथून नाही. तिथून."

कुणीतरी हसलं. मामंजी जागचे हलले नाहीत, मीही नाही. पिंप हातातून निसटू पाहत होतं, मनगटं भरून आली होती, पण सोडायचं कधी ते मी ठरवणार होते. शेवटी ते जेसीबीवाल्याला म्हणाले, "बंद कर रं. जुनी वळणं घाल परत."

वडीलधाऱ्यांचा चारचौघांत अपमान केला हिनं, असं वाडीत अजून म्हणतात. केला. ते अंगणात उभे राहायला तयार नव्हते, आणि तिथे मी माझी लेक ठेवायची होती.