घाईचं बियाणं

आमच्या ह्यांना दम धरवत नाही. घराच्या पुढच्या खोलीत यांचं सलून. गिऱ्हाईक खुर्चीत टेकून "जरा बारीक करा" म्हणेस्तोवर यांची कात्री एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत पोचलेली असते. चहा ओठ भाजून पितात, शेवटचा घास उभ्यानेच गिळतात. लोकांच्या पायाला भिंगरी असते, यांच्या अख्ख्या अंगाला आहे.

अशा माणसाच्या हाती सासूबाई आपलं लेट्यूस सोपवून गेल्या. मागच्या अंगणातला एक वाफा आणि बाटलीत जपलेलं बी. ते त्यांना त्यांच्या आईकडून आलेलं. बाजारातलं लेट्यूस पाणचट. हे मऊ, लालसर कडेचं, ऐन उन्हाळ्यातही गोड राहणारं. आमचे हे दर वर्षी त्याचं बी धरायचे, पेरायचे आणि फोनवर बहिणीला सांगायचे, "ताई, आईचं लेट्यूस जसंच्या तसं ठेवलंय. ये आणि खा."

यंदा ताई खरंच आल्या, चारच दिवसांसाठी. त्या राहतात तिसऱ्या मजल्यावर, मूठभर माती नाही. सासूबाई गेल्यापासून ती चव त्यांच्या तोंडाला लागलेली नाही. आणि इथे यांचं धाबं दणाणलेलं, कारण वाफाभर तुरे. लेट्यूसला तुरा आला की पान कडू होतं, एवढं मलाही कळतं. पण तुरा येतो तो कडक उन्हात, आणि ऊन तर अजून नीट तापलंही नव्हतं.

ताईंनी एक पान चावलं आणि थुंकून टाकलं. "हे आईचं?"

"आईचंच. बाहेरचा एक दाणा आणला असेल तर शपथ."

"बी कुठल्या रोपाचं धरतोस?"

"ज्याला पहिला तुरा येईल त्याचं. समोर तयार असताना कशाला थांबायचं?"

ताईंनी कपाळाला हात लावला. "अरे, आई तुरा यायला सगळ्यात मागे राहील त्याचं धरायची. तू दर वर्षी उतावळ्याचं बी पेरलंस. मग दुसरं काय उगवणार?"

"तरी मी सांगत होते" असं म्हणायला माझी जीभ वळवळली, पण मी कधी सांगितलंच नव्हतं. मला तरी कुठे माहीत होतं.

दुसऱ्या दिवशी यांचं कशात लक्ष नव्हतं. एकाचा एक कल्ला वर, दुसरा खाली. अर्धं डोकं सोडून कात्रीसकट वाफ्याकडे जायचे, बघायचे, परत यायचे. मध्येच स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाले, "आईचं एवढंच होतं गं माझ्याकडे. तेही घालवलं मी." मला राग आला होता, तो तिथेच विरला.

निघायच्या दिवशी सकाळी ताई वाफ्याच्या टोकाला थांबल्या. उंच तुऱ्यांच्या गर्दीत एक बुटकं रोप होतं, जमिनीलगत पसरलेलं. मी त्याला खुरटलेलं समजून उपटणारच होते. ताईंनी खाली बसून त्याचं एक पान तोडलं. बराच वेळ चावत राहिल्या.

"हेच," त्या म्हणाल्या. "हेच रे." आणि पदराने डोळे पुसले.

हे लगेच शेजारी बसले, हात पुढे केला. "मला एक दे ना. खरं सांगू? मला ती चव आठवतच नाही. आई वाढायची आणि मी गिळून पळायचो."

आता बहीणच ती, देईल, असं मला वाटलं. ताईंनी रोपाकडे पाहिलं. पानं मोजकीच होती.

"नाही," त्या म्हणाल्या. "याला तुरा येऊ दे, बी धरू दे. तू पुढच्या वर्षी खा."

"पुढच्या वर्षी?"

"हो."

ह्यांनी हात मागे घेतला. पुढे सलूनमधून गिऱ्हाईक हाका मारत होतं, पण हे उठले नाहीत. मग मीच जाऊन त्याला सांगितलं, बसा, त्यांना जरा वेळ लागेल.