चौकातून दिलेली रिंग

लासूर स्टेशनच्या फलाटावर आबांनी, म्हणजे माझ्या सासऱ्यांनी, माझ्या तळहातावर दही ठेवलं. घरून स्टीलच्या डबीत आणलं होतं. दोन बॅगा, शिलाई मशीन आणि सहावीत गेलेली अंकिता, एवढा माझा संसार गाडीत चढला. गाडी हलली तसे आबा खिडकीसोबत चालत म्हणाले, "औरंगाबादला पोचली की एक रिंग दे, पोरी. मी उचलत नाय." मी मान हलवली. रिंग मात्र दिली नाही.

आमच्या घरची रीतच तशी. बाहेर गेलेल्यानं पोचल्यावर एक रिंग देऊन फोन कापायचा. घरच्यांनी उचलायचा नाही. वाजला म्हणजे माणूस सुखरूप. अंकिताचे बाबा रोज मोटारसायकलनं वाळूजच्या कंपनीत जात. तिथं फोन गेटवर जमा करावा लागे, म्हणून ते आधीच्या चौकातूनच रिंग देत. त्या सकाळीही दिली. मी निर्धास्त होऊन भाकरी थापायला बसले. चौक आणि गेट यांच्यामध्ये ट्रकनं त्यांना उडवलं. मी अंकिताला वेणीवरून चिडवत होते आणि ते गेलेले होते.

तेव्हापासून फोन एकदाच वाजून थांबला की मी हातातलं काम टाकून दाराशी धावायचे. नाही वाजला तरी भीती, वाजला तर जास्त भीती. सकाळच्या त्या वेळेला त्या स्वयंपाकघरात बसवेना, म्हणून मी गाव सोडलं. पोटाचा प्रश्न होता हेही खरं, पण लोकांना मी तेवढंच कारण सांगायचे.

मुकुंदवाडीत खोली घेतली आणि शहागंजात सलीमभाईंच्या साड्यांच्या दुकानात फॉल-पिकोचं काम धरलं. लासूरला कोण कुठं गेलंय हे न विचारता कळायचं. इथं शेजारणीचं नाव कळायला दोन महिने लागले. अंकिताला शाळेतून यायला दहा मिनिटं उशीर झाला की माझा दोरा सुईत जायचा नाही. सहलीला मी तिला पाठवलंच नाही, तापाचं खोटं कारण लिहून दिलं. दर रविवारी आबांशी फोनवर भरपूर बोलायचे. त्या न दिलेल्या रिंगेबद्दल त्यांनी कधी विचारलं नाही.

त्याच वर्षी ऑगस्टातल्या एका संध्याकाळी सलीमभाईंनी काउंटरवर मोबाइल उभा केला. "भाभी, मशीन छोडो, इधर आओ. चाँद पे उतर रा अपना यान!" साड्या बघायला आलेल्या बायकाही वळल्या. शाळेतून दुकानात येऊन बसलेली अंकिता केव्हाच पुढं घुसली होती. ती मला समजावू लागली, "आता खालून कुणालाच काही करता येत नाही, आई. त्याचं त्यालाच उतरायचंय. मागच्या वेळचं यान अगदी जवळ जाऊन गप्प झालं होतं."

अगदी जवळ जाऊन. मला दुकानाबाहेर पळावंसं वाटलं. पडद्यावर यान पाठवणाऱ्या केंद्रातल्या, माझ्याच वयाच्या, साड्या नेसलेल्या बायका बसल्या होत्या. त्यांचेही चेहरे भेदरलेले होते. एकदा गप्प झालेलं असूनही त्यांनी पुन्हा पाठवलं होतं! मला तर पोरीला सहलीला पाठवायचं धैर्य नव्हतं. यान उतरलं, दुकानात एकच ओरडा झाला आणि मी रडले. लोकांना वाटलं, आनंदानं.

पुढं चंद्रावर रात्र झाली आणि यान झोपवलं. तिथली सकाळ झाल्यावर त्याला हाका मारल्या, पण ते काही उठलं नाही. मेथी निवडताना मी अंकिताला विचारलं, "मग सगळं वायाच गेलं का गं?"

"वाया कशाला? त्यानं पाठवायचं ते पाठवलं ना. ते खरंच आहे."

मी मेथीची काडी हातात धरून बसून राहिले. म्हणजे चौकातून आलेली रिंगही खरीच होती. त्या क्षणी ते सुखरूप होते आणि ते मला कळावं असं त्यांना वाटलं होतं. पुढची हमी तिच्यात मीच घातली होती.

भीती काही गेली नाही. यंदा दिवाळीच्या सुट्टीत अंकिता, आता नववीतली, म्हणाली, "मी आबांकडे एकटी जाते." मी तीनदा नाही म्हटलं. चौथ्यांदा तिच्या तळहातावर दही ठेवलं. "गाडी थांबून पाय फलाटावर टेकल्यावरच रिंग दे. आधी नाही." खोलीवर येऊन फोन पुढ्यात घेऊन बसले. दौलताबाद गेलं असेल, पोटूळ गेलं असेल. तुझं घर कोणतं, असं कुणी विचारलं तर आता मला दोन्हीकडचं सांगावं लागेल. जीव दोन्हीकडे टांगलेला असतो.

फोन एकदा वाजला आणि थांबला. फलाटापासून घरापर्यंत रस्ता आहे, रस्त्यावर ट्रक आहेत, हे मला ठाऊक होतं. तरी त्या रिंगेवर मी विश्वास ठेवला.

मग आबांचा नंबर लावला. एक रिंग देऊन कापणार होते, तर त्यांनी उचलला. "अंकिता हितंच हाय माझ्यापाशी. काय झालं गं?"

"काही नाही, आबा. एक रिंग द्यायची राहिली होती. मी पोचले."

त्यांच्या मागं फलाटावरचा गलका ऐकू येत होता.

"लई वाट बघायला लावलीस, पोरी," आबा म्हणाले.