जागेचा पेला

आमच्या पेठेत संध्याकाळी सहा वाजता कुणी चहा मागितला, तर तो माणूस परगावचा हे लगेच कळायचं. सहाला दूध प्यायचं. म्हशीच्या सडातनं थेट चरवीत, चरवीतनं पेल्यात, वर चार बोटं फेस, आणि अजून कोमट. आमच्या गोठ्यापुढं एक दगडी कट्टा होता. त्यावर शाळेतले मास्तर बसायचे, कोर्टातले कारकून बसायचे, तालमीतली पोरं यायची, समोरचा शिंपी गळ्यातली टेप न काढता यायचा. गावातली सगळी भांडणं तिथं मिटायची, आणि मिटली नाहीत तर निदान नवी तरी सुरू व्हायची.

म्हशी चार होत्या. धारा आई काढायची. पेले विसळायचे आणि भरून द्यायचे हे माझं काम. वडील वैरण आणायचे आणि गिऱ्हाइकांशी बोलायचे, त्यातलं दुसरं काम ते जास्त मन लावून करायचे. चौघींत थोरली म्हैस म्हणजे आईचा जीव. कट्ट्याला लागून, गोठ्याच्या तोंडाशी पहिला खुंटा होता, तो तिचा. तिथं उभी राहिली, आईनं कासेला पाण्याचा हात लावला, की भरभरून पान्हा सोडायची. बारा वर्षं तिनं ती जागा बदलली नव्हती.

गोठा मात्र आमचा नव्हता. मागच्या मोठ्या घराच्या मालकाची ती जागा, आम्ही भाडेकरू. भाडं महिन्याच्या महिन्याला जायचंच, पण त्याशिवाय आमच्यात एक रीत होती. ज्याच्या जागेवर म्हैस पान्हवते, त्याला रोज संध्याकाळचा पहिला पेला द्यायचा आणि त्याचे पैसे घ्यायचे नाहीत. आईला हे तिच्या सासूनं शिकवलं होतं. आम्ही त्याला जागेचा पेला म्हणायचो. मालक म्हातारे होते, दारात खुर्ची टाकून बसायचे, पेला घेऊन गेलं की आधी आत बघून फेस पुरेसा आहे का ते तपासायचे. कमी वाटला तर परत पाठवायचे. लई खडूस माणूस, पण मला आवडायचा.

सन ऐंशीच्या जरा पुढं मालक वारले. मुलांनी राजारामपुरीत बंगले बांधले होते, त्यांना पेठेतलं जुनं घर कशाला हवं? त्यांनी ते बिल्डरला दिलं. बघता बघता मागं तीन मजली अपार्टमेंट उठली. पेठेतली पहिली. लोक सुट्टीच्या दिवशी बघायला यायचे, जिन्याच्या फरशीवर चप्पल काढून चढायचे. पुढचा गोठा बिल्डरनं सगळ्यात शेवटी पाडला. तोवर एका बाजूला सिमेंटची पोती आणि एका बाजूला आमच्या म्हशी असा कारभार चालला. मग एके दिवशी गोठा गेला, कट्टा गेला, आणि तिथं फरशी घालून वर पत्रा टाकून स्कूटरी लावायची जागा झाली. पार्किंग. हा शब्द पेठेनं तेव्हा पहिल्यांदा ऐकला.

म्हशी मामाच्या मळ्यात नेल्या. रोज संध्याकाळी वडील त्यांना चालवत पेठेत आणायचे आणि आम्ही पलीकडच्या विजेच्या खांबाजवळ धारा काढायचो. जुन्या जागेपासून वीस पावलं असतील. गिऱ्हाईकं आली. कट्टा नव्हता तर उभं राहून प्यायली. तिघी म्हशी आठवड्यात रुळल्या.

थोरली रुळेना. खांबाजवळ उभी राहायची, आई हात लावायची, रेडकू लावायचं, आणि ही पान्हा चोरायची. थोडंसं दूध सोडलं न सोडलं की संपलं. आईनं गुळाचा खडा दिला, सरकी वाढवली, मिरच्या ओवाळून दृष्ट काढली. शेजारपाजारचे सगळे डॉक्टर झाले. कुणी म्हणालं बांगडीचा आवाज नको, आईनं बांगड्या काढून ठेवल्या. कुणी म्हणालं ओवा द्या. शिंप्यानं तर सांगितलं की वाऱ्याची दिशा चुकतेय. म्हैस पार आटायला लागली. महिनाभरानं एका सोमवारी वडील जेवताना म्हणाले, येत्या शनिवारी बाजारात नेतो. आटलेली म्हैस किती दिवस पोसायची? आई ताटातली भाकरी मोडली तशीच ठेवून उठली. वडिलांनी दुसऱ्या दिवशी नवं दावं आणलं आणि दाराच्या खिळ्याला अडकवून ठेवलं. जाता येता ते आम्हाला दिसायचं.

आता मला कुणाला तरी दोषी धरायचं होतं, आणि माझा स्वभाव असा की राग आला की मला शोधाशोध करावी लागत नाही. अपार्टमेंटच्या पहिल्या मजल्यावर बँकेतल्या साहेबांचं बिऱ्हाड आलं होतं. त्यांच्या बायकोला सगळे बँकेच्या वहिनी म्हणायचे. पुण्याकडच्या. गॅलरीत कुंड्या, दाराला डिंग-डाँग वाजणारी बेल. मी एकदा दूध द्यायला गेले आणि ‘मी आलो’ म्हणाले, तर दारामागून त्यांनी ‘कोण आहे तो?’ म्हणून विचारलं आणि दार उघडून मला बघून चकित झाल्या. आता आमच्या कोल्हापुरात बायका असंच, पुरुषांसारखं बोलतात, त्याला मी काय करू? ते दूध त्यांनी घेतलं नाहीच. पिशवीचं घेतो म्हणाल्या. पिशवीचं! तेव्हापासून त्या माझ्या डोक्यात बसल्या होत्या. वर हेही कळलं की रस्त्यावर शेण पडतं म्हणून म्हशी हलवा असा अर्ज अपार्टमेंटवाले लिहितायत आणि सह्या त्याच गोळा करतायत. रोज संध्याकाळी त्या गॅलरीत उभ्या राहून थोरलीकडं टक लावून बघायच्या, तेही नाकाला पदर लावून. मला वाटलं, सापडली बघ नजर.

बुधवारी संध्याकाळी भर गिऱ्हाइकांत मी रस्त्यावर उभी राहून वर तोंड करून ओरडले, “वहिनी, आमच्या म्हशीवरनं नजर काढा की तुमची! तुमच्यापायी विकायला लागलीया ती!”

 मास्तरांचा पेला हातातच राहिला. वहिनी लाल झाल्या, आत गेल्या आणि गॅलरीचं दार लावून घेतलं. आईनं मला तिथंच सगळ्यांसमोर झापलं. मी काय ऐकून घेणार? पण घरी आल्यावर त्या दाराचा आवाज कानातनं जाईना, हे खरं.

गुरुवारी म्हशी आल्या आणि धारा सुरू व्हायच्या आत वहिनी खाली आल्या. सरळ आईसमोर उभ्या राहिल्या. नाकाला पदर होताच. माझ्याकडं बघितलंही नाही. त्यांनी आईला सांगितलं की महिनाभर त्या रोज बघतायत, दुपार सरली की घरात त्यांना दुसरं काही करायला नसतं, इथं त्यांचं ओळखीचं कुणी नाही. तर ही मोठी म्हैस येताना प्रत्येक वेळी पार्किंगपुढं थांबते. मान तिकडं वळवते. तुमचे हे तिला ओढून पुढं आणतात. खांबाजवळ आली तरी तिचं तोंड तिकडंच.

“मावशी,” त्या म्हणाल्या, “एकदा सोडून तर बघा तिला. कुठे जाते ते तरी कळेल.”

आम्ही सगळे एकमेकांकडं बघायला लागलो. बारा वर्षं म्हैस आमची, दृष्ट आम्ही काढली, ओवा आम्ही दिला, आणि ती कुठं बघते एवढं साधं आमच्यातल्या एकाच्याही लक्षात आलं नव्हतं. वडिलांनी दावं सोडलं. थोरली वळली. रस्ता ओलांडला, फरशीची पायरी चढली, आणि दोन स्कूटरींच्या मधनं अंग चोरत चोरत कोपऱ्यातल्या तिसऱ्या स्कूटरपाशी गेली. तिथं थांबली. पहिला खुंटा बरोबर त्याच जागी होता, मी शपथेवर सांगते. तिनं स्कूटरच्या सीटला नाकानं ढकललं. सरक म्हणाली तिला.

ती स्कूटर बँकेच्या साहेबांची होती.

वहिनींनी पदर सोडला, कमरेला खोचला आणि स्वतः स्कूटर स्टँडवरनं काढून ढकलत रस्त्यावर आणली. येईना त्यांना, वाकडी तिकडी जात होती, शिंपी धावला धरायला. मग त्या आईला म्हणाल्या की ही जागा आमची, सहा ते सात स्कूटर बाहेर राहील. पण धार झाली की फरशी धुवून द्यायची, शेणाचा एक ठिपका दिसता कामा नये.

आई खाली बसली. पाण्याचा हात लावला. थोरलीनं एक लांब श्वास सोडला आणि चरवीत धार वाजली. त्या पत्र्याखाली तिचा आवाज असा घुमला की रस्त्यावरचे सगळे पेले हातात धरून आत आले. आई रडत होती आणि हात थांबत नव्हते. वडील पत्र्याच्या खांबाला टेकून उभे होते, सारखं नाक पुसत होते आणि धूळ फार झालीय म्हणत होते. मी तर नाचायचीच बाकी होते. चरवी भरली तशी आईनं एक पेला भरला, फेस नीट वर आणला आणि माझ्या हातात दिला.

“जागेचा हाय. वैनींस्नी दे.”

काल जिला भर रस्त्यात बोलले, तिच्यापुढं पेला घेऊन जायचं. आईनं हे मुद्दामच केलं. मी गेले. मान खाली घालून पेला पुढं केला आणि जागेच्या मालकाला पहिला पेला द्यायची आमची रीत कशीबशी सांगितली. चुकलं माझं, हेही म्हणाले. वहिनींनी पेला घेतला नाही. उलट कावऱ्याबावऱ्या झाल्या.

“अगं, पण मी कुठली मालकीण? फ्लॅट आमचा नाही. आम्ही भाड्यानं राहतो. साहेबांची बदली झाली की जाणार.”

आईनं म्हशीच्या पोटाखालनं मान बाहेर काढली. “आम्हीबी भाड्यानंच हुतो की,” ती म्हणाली. “प्या तुम्ही.”

वहिनी प्यायल्या. उभ्यानं, एका दमात, पदर कमरेलाच होता. वरच्या ओठावर फेसाची पांढरी मिशी आली, ती त्यांना कळलीच नाही. आधी मास्तर हसले, मग मी, मग त्यांनी हात लावून बघितला आणि त्याही हसल्या. मग त्यांनी पेल्यात डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, फेस नेहमी एवढाच असतो का?