वाल सोलणारे पाळक

रोह्याच्या मास्तरांकडे रडत गेलेल्या माणसाला पाण्याच्या आधी वाल मिळत. मोड आलेल्या कडव्या वालांचं पातेलं त्याच्या पुढ्यात सरकवून ते म्हणत, "सोला आणि बोला." हा माणूस बहुधा पाळक असे. आपल्या भागातल्या लहान लहान ख्रिस्ती मंडळ्यांचे तरुण पाळक वर्षातून एकदा तरी निराश होत आणि निराश झाले की एसटीने रोहा गाठत. त्यामुळे मास्तरांच्या घरी सोललेल्या वालांच्या बिरड्याला कधी तोटा पडला नाही.

मुलांनो, तुमच्याकडे या ऐकून घेण्याच्या कामासाठी खास शिकलेली माणसं असतात, आधी वेळ ठरवून भेटतात, हे मला ठाऊक आहे. मास्तर शाळेत भूगोल शिकवत. तरुणपणी काही वर्षं ते कुठेतरी पाळक होते, एवढंच आम्हाला माहीत होतं. सल्ला ते क्वचितच देत. वाल चिमटीत धरून हलकेच दाबला की डाळिंबी सालातून सुटते, जोर केला की मोडते. बोलणारा किती डाळिंब्या मोडतो, तेवढंच ते पाहत. "आज नुसता भुगा पडतोय. प्रकरण मंडळीच्या पंचांचं दिसतंय," असं म्हणत, आणि ते पंचांचंच असे.

कधी ते आमच्या पेणच्या देवळात उपासनेला येत आणि शेवटच्या बाकावर बसत. एकदा तुमच्या आजोबांनी मोठ्या आशेने विचारलं, "उपदेश कसा वाटला?" मास्तर म्हणाले, "तुम्ही चार वेळा 'शेवटी' म्हणालात. दुसऱ्याला थांबला असतात तर लोक रडले असते. चौथ्याला त्यांना घरचा भात आठवला." आजोबा दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत, जणू भाताची आठवण मीच काढली होती.

आजोबा तेव्हा पेणला पाळक म्हणून नवे होते. महाराष्ट्र राज्य होऊन चार-पाच वर्षं झाली असतील. मंडळीतले दोन पंच, दाऊदराव आणि शिमोनराव, सख्खे भाऊ. दोघांच्या अंगणांच्या मधोमध एक आंब्याचं झाड होतं आणि त्यावरून त्यांचं बोलणं बंद होतं. आजोबांनी बंधुप्रेमावर लागोपाठ तीन उपदेश दिले. दोन्ही भावांनी ते मन लावून ऐकले आणि प्रत्येकाला ते दुसऱ्यासाठी आहेत असं वाटलं. चौथ्या रविवारी लांब प्रार्थनेत, सगळ्यांचे डोळे मिटलेले असताना, आजोबा म्हणाले, "हे प्रभू, आंब्याच्या झाडापायी कठीण झालेली दाऊदराव आणि शिमोनराव यांची मनं मऊ कर."

सगळ्यांचे डोळे उघडले. माझेही.

पुढच्या रविवारी दोन्ही घरं आली नाहीत. म्हणजे अर्धी मंडळी. भावांची एकी मात्र झाली, पाळक नको या मुद्द्यावर. आजोबांनी राजीनामा लिहिला. त्यातल्या चुका दुरुस्त करून तो मी सुवाच्य अक्षरात उतरवून दिला, कारण जायचंच तर नीट जावं. तो खिशात घालून आम्ही रोह्याला गेलो.

आजोबांनी सगळं सांगितलं. त्यांच्या वाटीत एकही डाळिंबी धड नव्हती.

"प्रार्थना कोणाला केलीत?" मास्तरांनी विचारलं.

"देवाला."

"देवाला ती नावं ठाऊक नव्हती?"

आजोबांनी आणखी एक डाळिंबी मोडली.

"दाऊदरावांकडे जा. चहा प्या. प्रार्थना करू नका."

"पाळकाने घरी जायचं आणि प्रार्थना करायची नाही?"

"तुमची झाली तेवढी पुरे झाली."

दुसऱ्याच दिवशी आम्ही दोघं दाऊदरावांकडे गेलो. त्यांच्या घरात भाताच्या लावणीवर बोलणं झालं, चहा झाला, आणि आम्ही उठलो. त्यांची बायको घाबरीघुबरी होऊन पुढे आली. "अवो, पाळकसाहेब तसेच निघाले!"

दाऊदराव गुरगुरले, "परार्थना नाय करनार? आमचं घर बाटलं काय?"

"आज तुम्ही करा," आजोबा म्हणाले.

दाऊदरावांनी डोळे मिटले. "हे परमेश्वरा, आमचा पाळक शिकलेला हाय, पन त्याला अक्कल थोडी कमी हाय, ती दे. माझ्या डोक्यात राग हाय, तो ने. शिमोनचं तू बघ."

आजोबांनी इतक्या मोठ्याने 'आमेन' म्हटलं की दारातलं कुत्रं भुंकलं. दाऊदरावांना हसू आवरेना. "बसा आता, जेवून जा," ते म्हणाले.

रविवारी दाऊदराव आले. भावाने आपलं नाव घेऊन प्रार्थना केली हे कळल्यावर शिमोनरावही पुढच्या रविवारी हजर झाले, कारण त्यांनाही देवापुढे आपली बाजू मांडायची होती. आंब्याचा वाद शेवटपर्यंत मिटला नाही. पण दोघं एकाच बाकाच्या दोन टोकांना बसून भांडू लागले आणि आजोबा पेणला बावीस वर्षं पाळक राहिले.

मास्तर अगदी थकले तेव्हा मी एकटी त्यांना भेटायला गेले. मी विचारलं, "प्रार्थना करू नका, हे तुम्हाला सुचलं कसं?"

"मीही एकदा भर उपासनेत नाव घेऊन प्रार्थना केली होती," ते म्हणाले. "मग राजीनामा नेऊन दिला. पंचांनी उभ्या उभ्या मंजूर केला."

"तुम्ही कोणाला विचारलं नाहीत?"

ते हसले. "कोणाला विचारणार? तेव्हा रोह्यात मी नव्हतो ना."