म्हशीचा कलाप्रवास

आमचा वसंता दिवाळी अंकांसाठी चित्रं काढतो. पण त्याच्या घरात भिंतीवर टांगलेलं म्हशीचं चित्र त्याने कुणी न सांगता, स्वतःसाठी काढलं होतं. काल त्याच्याकडे गेलो, बघतो तर हा कोरा कागद जुना दिसावा म्हणून त्यावर ब्रशने चहा फासतोय! म्हशीचं 'पहिलं कच्चं रेखाटन' बनवत होता.

"चित्र झाल्यावर कच्चं?"

"प्रदर्शनात लोकांना चित्राचा प्रवास बघायचा असतो रे."

बाळाच्या बारशानंतर आईचं डोहाळजेवण! अख्ख्या लग्नाला पुरला असता एवढा चहा तो कागद प्यायला. मग मुद्दाम चुकवलेली रेघ, मुद्दाम खोडलेलं शिंग. हल्ली माणसं चुकासुद्धा घोटून घोटून सुबक करतात.

"खरं कच्चं कुठाय?"

स्वयंपाकघरातून वहिनी ओरडल्या, "तेलाच्या डब्याखाली घातलंय मी!"

मी डबा उचलला. चार रेघांत म्हैस रवंथ करत बसलेली. भिंतीवरची तर जन्मात शेण टाकणार नाही इतकी स्वच्छ. हिने मात्र, शपथेवर सांगतो, माझ्याकडे बघून कान हलवला.

"वसंता, हीच लाव की!"

"छे! तेलाचे डाग पडलेत तिच्यावर," चहाच्या डागांवर फुंकर घालत वसंता म्हणाला.