अर्धा कडुनिंब आणि माझी फरशी

प्रिय इरा आणि नील,

मागच्या महिन्यात फोनवर नीलने विचारलं होतं, "आजी, पृथ्वी तापतेच आहे, तर आता काही करून उपयोग आहे का?" शाळेत त्याने वितळणाऱ्या बर्फाचे फोटो पाहिले होते. मी "जेवलास का?" असं विचारून विषय बदलला, कारण उत्तर मला माहीत नव्हतं. त्यानंतर गुढीपाडव्यासाठी मी इंदूरला, माझ्या माहेरी जाऊन आले. तिथे थोडंसं उत्तर मिळालं. विसरायच्या आत क्रमाने लिहून काढते.

पुण्याहून निघालेली गाडी सकाळी उज्जैनच्या पुढे आली. बाहेर माळव्याची काळी जमीन आणि कापून झालेला गहू. समोरच्या बाई शेतकरी घरातल्या होत्या. मी म्हटलं, "इस बार कटाई जल्दी हो गई?"

"दाना पतला रह गया, माताजी. फागुन में ही जेठ लग गया." (दाणा बारीकच राहिला, फाल्गुनातच ज्येष्ठाचं ऊन पडलं.)

एवढं सांगून त्यांनी डबा उघडला आणि मला दोन खाऱ्या, खुसखुशीत मठऱ्या दिल्या.

ऊन असं लवकर का तापतं? कोळसा, पेट्रोल, डिझेल जाळून आपण हवेत जो वायू सोडतो, तो पृथ्वीभोवती गोधडीसारखा बसतो आणि आतली ऊब बाहेर जाऊ देत नाही. मुलांनो, मीसुद्धा चाळीस वर्षं गाडी चालवली, आधी स्कूटर, मग मोटार. त्या गोधडीत माझेही टाके आहेत.

स्टेशनवर रिक्षा केली. संत्रं सोलून सालं मी समोरच्या छोट्या डब्यात टाकली, तर रिक्षावाल्याने ब्रेकच मारला.

"माताजी, वो सूखे का है! छिलका गीले में!"

पुण्यात मी सोसायटीला शिस्त लावते. इथे मलाच सालं उचलून दुसऱ्या डब्यात टाकावी लागली. इंदूरला आपल्या स्वच्छतेचा फार अभिमान आहे, आणि तो रास्तही आहे. पण पुढची सगळी गोष्ट त्याच अभिमानाची आहे.

माझा धाकटा भाऊ अरुण बडा गणपतीजवळ एका गल्लीत राहतो. गल्लीच्या मधोमध कडुनिंबाचं मोठं झाड आहे. गल्लीतल्या सगळ्या मराठी घरांच्या गुढीला पाला याच झाडाचा. अरुण सकाळीच शिडी लावायचा आणि घरोघरी डहाळ्या वाटायचा. यंदा मात्र तो बाजारातून पाल्याची जुडी घेऊन आला.

"अरे, आपलं झाड?" मी विचारलं.

"अर्धं सुकलंय ताई. खालच्या फांद्यांना पालवीच नाही. रविवारी मीटिंग आहे, कापायचं का ते ठरवायला."

पाडव्याच्या दुपारी वाऱ्याने गुढीची साखरेची गाठी खाली पडली. उचलायला मी अनवाणीच गल्लीत धावले आणि उड्या मारतच परत आले. भावजय मंगल दारात हसत उभी.

"वन्सं, तवा आहे तो. पोळी टाकू का?"

तवा म्हणजे गल्लीतली फरशी. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत सिमेंटचे चौकोन, झाडाच्या बुंध्याला अगदी चिकटवलेले. मातीचा कण दिसायचा नाही. मंगल पूर्वी शाळेत जीवशास्त्र शिकवायची. तिने तांब्याभर पाणी बुंध्याजवळ ओतलं. पाणी फरशीवरून सरळ नालीत गेलं.

"पाऊस पडतो, तोही असाच जातो. मुळांनी प्यायचं काय? वर ऊन वाढलेलं, खाली हा तवा. मी तेव्हाच सांगत होते, पण ऐकतंय कोण!"

अरुण माझ्याकडे बघेना. मग मला आठवलं. सहा वर्षांपूर्वी याच गल्लीत माझी साडी चिखलाने भरली होती आणि मी त्याला ऐकवलं होतं, "आमच्या सोसायटीत बघ, सगळीकडे फरशी!" त्यानेच मग गल्लीत विषय काढला. फरशी झाल्यावर मी तिचा फोटो तुम्हालाही पाठवला होता, कौतुकाने.

रविवारी सकाळी झाडाखाली खुर्च्या मांडल्या. आधी पोहे, वर शेव आणि जिरावन (पोह्यांवर भुरभुरायचा आंबट-तिखट मसाला), सोबत जलेबी. इंदुरात भांडायचं असलं तरी आधी खाऊन घेतात. मग स्वच्छता समितीचे राठौरजी बोलायला उठले.

"देखो भिया (इंदुरी बोलीतलं 'भैया'), सूखी डाल किसी के सिर पे गिरी तो? और पत्ते! दिन में दो बार झाड़ू लगती है."

त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मी उभी राहिले. "राठौरजी, गलती मेरी है. ये फर्शी मैंने ही सुझाई थी." आणि बुंध्याभोवती चार हात फरशी काढू या, असं सुचवलं.

"मतलब फिर मिट्टी? फिर कीचड़?"

मंगल म्हणाली, "मिट्टी पे इसीके पत्ते बिछा देंगे. धूल नहीं उड़ेगी, नमी रहेगी. और भाईसाब, आपकी गाड़ी रोज़ कहाँ खड़ी रहती है?"

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. राठौरजींची पांढरी गाडी झाडाच्या उरलेल्या सावलीत आरामात उभी होती. गल्ली खो-खो हसली. राठौरजीही हसले, पण हटले नाहीत. "पहले बताओ, पेड़ ज़िंदा है क्या?"

मंगलने किल्लीने खोडाची साल खरवडली. सगळे वाकले. आत हिरवं होतं.

"चलो. अगले पड़वे तक," राठौरजी म्हणाले. "सूखी डालें कटेंगी. और पत्ते बिछाने का काम अरुण भिया का!"

त्याच संध्याकाळी पहार आली. पहिला चौकोन मी उचलायला गेले, तर अरुण म्हणाला, "ताई, कंबर सांभाळ." तरी मी एक कोपरा धरलाच. खालची माती कोरडी, राखेसारखी होती. मंगलने बादलीभर पाणी घातलं. यावेळी ते कुठेही वाहून गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी मी परतले. आता पुण्यात आमच्या सोसायटीच्या फरशीकडे बघते आहे. पुढच्या बैठकीत मला माझंच म्हणणं खोडून काढायचं आहे.

नील, एका गल्लीतली चार हात माती पृथ्वीची गोधडी पातळ करत नाही. त्यासाठी कोळसा आणि पेट्रोल जाळणं कमी व्हायला हवं, आणि ते मोठ्या लोकांकडे तुम्ही हट्टाने मागत राहा. पण गल्ली थंड ठेवणं गल्लीच्या हातात असतं. पुढच्या पाडव्याला झाडाचा निकाल लागेल. आज मला ठाऊक आहे ते एवढंच: अर्धं झाड वाळलं आहे. उरलेलं अर्धं हिरवं आहे.