सत्त्याण्णवावं मत लिफ्टमध्ये

प्रांताच्या सचिवालयात एकच लिफ्ट आहे, जाळीच्या सरकत्या दाराची. गेली सव्वीस वर्षं ती एकाच माणसाच्या हाताखाली आहे. कागदोपत्री तो लिफ्ट मेकॅनिक. इमारतीत सगळे त्याला मेस्त्री म्हणतात. बुटके, खिशात कायम टेस्टर, बोलायला लागले की थांबत नाहीत आणि काम करताना बोलत नाहीत.

दर पाच वर्षांनी एका सकाळी मेस्त्री नऊ माणसं तिसऱ्या मजल्यावरच्या सभागृहात पोचवतात. या देशात लोक अध्यक्षाला थेट निवडत नाहीत. मत देतात ते आपल्या प्रांताच्या निर्वाचकांना. ज्या पक्षाला प्रांतात जास्त मतं, त्याचे सगळेच्या सगळे निर्वाचक निवडून येतात. मग ठरल्या दिवशी ते जमतात, कागदावर अध्यक्षाचं नाव लिहितात आणि खाली सही करतात. बाराच्या ठोक्याला दार बंद. जो आत नाही त्याचं मत बुडालं. बदली माणूस चालत नाही.

"आपण मत देतो तो नुसता जिना," मेस्त्री कँटीनमध्ये सांगायचे. "वर जाऊन दार उघडतात ते हे नऊ जण."

यंदा त्यांची पाचवी खेप होती, आणि मनाविरुद्धची. त्यांचा उमेदवार हरला होता आणि प्रांतातले हे नऊही जण विरुद्ध पक्षाचे होते. देशभरातली मतं एकत्र मोजली तर तोच पुढे होता, पण निर्वाचक मोजले तर मागे: शहाण्णव विरुद्ध सत्त्याण्णव. प्रचाराचे तीन आठवडे मेस्त्रींनी टोपीला बिल्ला लावला होता आणि कँटीनमध्ये दोघातिघांशी भांडणही काढलं होतं. आता विरुद्ध पक्षाचं एक मत जरी बुडालं, तरी बरोबरी होऊन निवड संसदेकडे जाणार होती. ही आकडेमोड इमारतीतल्या शिपायालासुद्धा पाठ होती.

आठ निर्वाचक साडेअकरापर्यंत वर गेले. नवव्या होत्या एक्याऐंशी वर्षांच्या निवृत्त हेड नर्स. दोन्ही गुडघे बदललेले, हातात काठी, सोबत सून. मेस्त्रींनी जाळी ओढून त्यांना आत बसवलं आणि बटण दाबून ते स्वतः खाली थांबले. आत स्टूल ठेवल्यावर तिसऱ्याला जागा उरत नव्हती.

अकरा बेचाळीसला लिफ्ट दुसऱ्या आणि तिसऱ्या मजल्याच्या मध्ये थांबली.

जिन्यावर गर्दी झाली. कुणी सरळ बोललं नाही, पण सगळ्यांनी मेस्त्रींच्या टोपीकडे पाहिलं. बिल्ला काढला होता. टाचणीची भोकं राहिली होती.

"मेस्त्री, लेखी खुलासा लागेल," सचिव वरच्या कठड्यावरून म्हणाले.

"देतो साहेब. आधी बाईंना वर आणून देतो."

गच्चीवरच्या मशीनच्या खोलीत लिफ्ट हाताने फिरवायचं चाक असतं. पण ते एकट्याचं काम नाही. एकाने तरफ दाबून ब्रेक मोकळा धरायचा, दुसऱ्याने चाक फिरवायचं. जवळ होता तो पहारेकरी, मेस्त्रींच्या बायकोचा धाकटा भाऊ. तो जिंकलेल्या पक्षाचा. जिने चढून तो वर आला तेव्हा पावणेबारा वाजून गेले होते.

"दाजी, खरं सांगा. यात तुमचा हात नाही ना?"

"माझे दोन्ही हात या चाकावर आहेत. तू तरफ धर. मी 'सोड' म्हटलं की सोड. राजकारण जेवताना."

त्यांनी मेन स्विच पाडला. लिफ्टच्या दुसऱ्या टोकाला वजन टांगलेलं असतं, ते निम्म्या भरलेल्या लिफ्टला तोलेल इतकं. आत दोनच बायका, त्यातली एक काटकुळी. म्हणजे लिफ्ट आपणहूनच वर जायला बघणार होती आणि नेमकं वरच जायचं होतं. जड माणसं असती तर चाकाशी झटापट करावी लागली असती. दोराला मेस्त्रींनी स्वतःच पिवळ्या रंगाचे पट्टे मारून ठेवले आहेत, मजल्यागणिक एक. पट्टा यंत्रावरच्या खुणेसमोर आला की लिफ्ट त्या मजल्याला टेकली.

एक्केचाळीस फेरे झाले. मेहुण्याने तरफ हलू दिली नाही.

"सोड."

पिवळा पट्टा खुणेवर होता. खालून कुणीतरी ओरडलं, "उघडलं!" अकरा छप्पन्नला बाई सभागृहाच्या उंबऱ्यात होत्या. सून त्यांच्या मागे, हातात स्टूल का धरलंय हे न कळता.

बारा वाजून दहा मिनिटांनी मेस्त्री जाळीपाशी उकिडवे बसले होते. जाळी नीट मिटली आहे हे यंत्राला सांगणारी पितळी पट्टी वाकली होती. आतून कशाचा तरी नेट बसला होता. जाळी जराशी सरकली की लिफ्टने थांबायचं असतं. ती थांबली होती. हे लिहून द्यायला ते तयार होते. पण पटणार कुणाला, हा प्रश्न होता.

सभागृहाचं दार उघडलं. नऊच्या नऊ मतं पडली होती. बाई काठी टेकत लिफ्टपाशी आल्या, मागे सचिव.

"काय रे, काय मोडलं?"

मेस्त्रींनी पट्टी दाखवली. बाईंनी ती पाहिली, मग काठीचं टोक पाहिलं.

"मीच की ही जाळीत खुपसून रेटून बसले होते. धक्के बसत होते ना."

"आई, मी सांगत होते काठी माझ्याकडे द्या," सून म्हणाली.

"तू सकाळपासून सतरा गोष्टी सांगतेस. त्यातली ही कुठली ते मला काय ठाऊक?" त्या सचिवांकडे वळल्या. "आणा तुमचा तो कागद. मी लिहून देते."

खुलासा चार ओळींचा झाला. बाईंनी सही केली, तारीख घातली, वेळही घातली, नर्सची सवय. मेस्त्रींनी टोपी काढून कपाळ पुसलं. मेहुणा फोनवर बहिणीला सांगत होता, "ताई, काही नाही झालं. अगं खरंच काही नाही झालं."

अर्ध्या तासाने पट्टी सरळ करून मेस्त्रींनी लिफ्ट दोनदा रिकामी फिरवून पाहिली. मग जाळी ओढली.

"आता खाली नेशील ना नीट?" बाईंनी विचारलं.

"नेतो. पण काठी आधी इकडे द्या."

बाईंनी दिली. मेस्त्री ती घेऊन जिन्याने उतरले आणि लिफ्टच्या आधी खाली पोचले.